उंदराच्या पोटात दुसऱ्याचे बॅक्टेरिया बसवायचे असतील तर

एका आठवड्यात दोन ज्युनियरनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. सगळ्यांना वाटतं गव्हाज, म्हणजे तोंडातून सुईने औषध पाजणं, हेच अवघड. ते आठ दिवसांत जमतं हो, खरी वाट लागते ती पिंजऱ्यांमुळे, त्याचं पुढे सांगतो.

आधी आयएईसीची, म्हणजे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची, मंजुरी. ती हातात येईपर्यंत एकाही उंदराला हात लावायचा नाही, विषय संपला.

जर्म-फ्री, म्हणजे अंगात एकही जंतू नसलेले उंदीर आयसोलेटरमध्ये, म्हणजे बंद निर्जंतुक पेटीत, सांभाळावे लागतात, आपल्या बजेटात ते बसत नाही, त्यामुळे अँटिबायोटिक देऊन आधीचे जंतू कमी करायचे. नेहमीचं मिश्रण म्हणजे १ लिटर ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) पाण्यात अँपिसिलिन, निओमायसिन, मेट्रोनिडाझोल प्रत्येकी १ ग्रॅम आणि व्हॅन्कोमायसिन अर्धा ग्रॅम. बाटलीला फॉइल गुंडाळा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, साधारण दोन आठवडे चालवा. पण मेट्रोनिडाझोल कडू जहर आहे! मी पहिल्यांदा केलं तेव्हा मे महिना, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये, त्यात एसी बंद पडलेला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाटली जवळजवळ भरलेलीच, २४ ग्रॅमचा उंदीर २०.५ वर आलेला. तहानेने मरायला टेकले होते बिचारे. तेव्हापासून रोज वजन करतो, आणि उंदीर पाणी पीत नसतील तर मेट्रोनिडाझोल बाटलीतून काढून गव्हाजने देतो. वजन १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं तर सरळ व्हेटला बोलवा, थांबू नका.

अँटिबायोटिक बंद करून एक-दोन दिवस साधं पाणी द्या, नाहीतर नवीन आलेले बॅक्टेरियाही त्याच औषधाने मरतील.

आता डोनर, म्हणजे ज्याचे बॅक्टेरिया घ्यायचे तो उंदीर. उंदराला हातात धरलं की तो बहुतेक वेळा लेंड्या टाकतोच, त्या थेट ट्यूबमध्ये घ्या, पिंजऱ्यातल्या भुशावरच्या वाळक्या उचलू नका. चार-पाच लेंड्या म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम, त्याला १ मिली पीबीएस (फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी), त्यात ऑक्सिजनचा मारा कमी करणारं ०.०५ टक्के सिस्टीन असलं तर उत्तम, कारण आतड्यातले बरेचसे जंतू ऑक्सिजन लागला की मरतात. म्हणून अनएरोबिक चेंबर, म्हणजे ऑक्सिजन नसलेली पेटी, असेल तर सगळं तिथेच करा, नसेल तर हात पटापट चालवा, डोनरच्या पिंजऱ्यापासून गव्हाजपर्यंत मध्ये चहा नाही. व्होर्टेक्स करा, म्हणजे मशीनवर जोरात घुसळा, दोन मिनिटं जाड चोथा खाली बसू द्या, ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, नाहीतर सुई तुंबते. उरलेलं मिश्रण ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांच्या फ्रीजरला.

मोठ्या उंदराला २०० मायक्रोलिटर पुरे, सुई गोल टोकाची. आधी सुई उंदराच्या अंगाशेजारी धरून तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापून घ्या. मानेची कातडी पकडून डोकं आणि पाठ एका रेषेत आणायची, सुई आपसूक घसरली पाहिजे. अडली की जोर लावायचा नाही, बाहेर काढून पुन्हा. नाकातून पाणी आलं तर तिथंच थांबा. तीन दिवस सलग, रोज एकदा असं मी देतो.

आता पिंजरे. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या पाचही जणांचं पोट थोड्या दिवसांत सारखं होतं. तुम्ही ट्रीटमेंटचे पाच एका पिंजऱ्यात आणि कंट्रोलचे पाच दुसऱ्यात ठेवले तर तुमचं एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, पाच नाही, एकच आहे की! प्रत्येक गटाला तीन-चार तरी वेगळे पिंजरे करा, कमी उंदीर ठेवले तरी चालतील. कंट्रोल दोन हवेत: अँटिबायोटिक घेऊन नुसतं पीबीएस पाजलेले, आणि अँटिबायोटिकआधी जपून ठेवलेलं स्वतःच्याच लेंड्यांचं मिश्रण परत दिलेले. कंट्रोलचे पिंजरे आधी हाताळा, मग ट्रीटमेंटचे, मध्ये ग्लोव्ह्ज बदला.

आणि अ‍ॅनिमल हाऊसच्या मामांना, म्हणजे उंदरांची देखभाल करणाऱ्यांना, विश्वासात घ्या. आमच्या मामांनी मायेने दोन पिंजऱ्यांत कडक भाकरीचे तुकडे टाकले होते, मला कळलं ते चुरा दिसल्यावर. ज्वारीचा फायबर गेला की जंतूंचं गणित बदलतं, ते दोन्ही पिंजरे बाद करावे लागले. मामांना रागावलो नाही, दुसऱ्या दिवशी बसून समजावलं. त्यानंतर गव्हाजच्या वहीत तारखा तेच लिहायला लागले, माझ्यापेक्षा नीट.

लेंड्यांचे सॅम्पल चार वेळा घ्या: सुरुवातीला, अँटिबायोटिकनंतर, गव्हाजनंतर आठवड्याने आणि चार आठवड्यांनी. सोबत डोनरच्या लेंड्यांच्या मिश्रणातलं थोडं आणि नुसतं पीबीएसही १६एस सिक्वेन्सिंगला, म्हणजे कोणते बॅक्टेरिया आहेत ते जनुकावरून ओळखायला, पाठवा.