दुकानाच्या वेबसाईटवरच्या फोटोंची हलती जाहिरात, ब्राउझरमध्येच

नागपूरच्या इतवारीत बहिणीचं साड्यांचं दुकान आहे, तिच्यासाठी मी हे कॅनव्हात (डिझाइन करायची वेबसाईट) करते, ॲप टाकायची गरज नाही, ब्राउझर पुरे. आधी वेबसाईटवरचे स्वतःचेच फोटो घ्या जी, अन् छोटा फोटो सेव्ह नका करू, क्लिक करून मोठा उघडला की मगच, नाहीतर पदराचं जरीकाम पूर्ण फाटल्यासारखं, धुरकट दिसतं. व्हॉट्सॲप स्टेटससाठी साईज १०८० बाय १९२० पिक्सेल. चार-पाच फोटो, एका पानावर एकच, प्रत्येकी दोन-तीन सेकंद, मग ॲनिमेट (हलतं करायचं बटण) मधून एकच साधा इफेक्ट सगळ्यांना. भाव शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात. डाउनलोड एमपी४ मध्येच, म्हणजे व्हिडिओ म्हणून करा, जीआयएफ या हलत्या चित्राच्या फाईलमध्ये एका फ्रेमला २५६च रंग मिळतात, साडीचा रंग मरतो.