डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा थायरॉईड: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडतं ते एक वाक्य: "ही मुलं अशीच असतात." बाळ सुस्त आहे, अंग ढिलं आहे, शौचाला कडक होतं, कातडी कोरडी पडलीय, उंची अडलीय. हे डाऊन सिंड्रोममध्येही दिसतं आणि थायरॉईड कमी पडला तरी हेच दिसतं. नुसतं बघून फरक सांगणं मुरलेल्या डॉक्टरांनाही अवघड जातं. म्हणून लक्षणांची वाट न बघता रक्त तपासायचं: जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी, मूल ठणठणीत असलं तरी.

जन्मल्यावर टाचेचं रक्त घेतलं होतं, रिपोर्ट नॉर्मल होता, एवढ्यावर विसंबू नका. आपल्याकडे ही तपासणी सगळीकडे होतही नाही, तेव्हा आधी फाईल काढून टीएसएचचा (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉईड कमी पडला की हा आकडा वाढतो) आकडा खरंच लिहिलाय का ते बघा. शिवाय शरीरच थायरॉईडवर उलटण्याचा प्रकार या मुलांमध्ये जास्त, आणि तो पुढे शाळेच्या वयातही सुरू होऊ शकतो.

उलट बाजूची चूक म्हणजे घाबरणं. टीएसएच ६-७ आला, फ्री टी-४ (म्हणजे थायरॉईडचं रक्तातलं हार्मोन) नॉर्मल आहे, तर हे या मुलांमध्ये नेहमीचं आहे आणि पुष्कळदा आपोआप खाली येतं. लॅबच्या कागदावर छापलेली रेंज बरेचदा मोठ्या माणसांची असते. अशा वेळी फ्री टी-४ आणि अँटीबॉडीजसह (शरीर थायरॉईडवर उलटलंय का ते सांगणारी तपासणी) पुन्हा तपासणी होते. टीएसएच १० च्या वर टिकला तर बहुतेक डॉक्टर थायरॉईडच्या हार्मोनची गोळी सुरू करतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र "बघू पुढच्या महिन्यात" नको. पहिली तीन वर्षं मेंदू थायरॉईडच्या हार्मोनवर वाढतो.

आता गोळी. डोस बरोबर, तरी टीएसएच खाली येत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारते, गोळी देता कशी? दुधाच्या अख्ख्या बाटलीत घातली आणि बाळाने अर्धी बाटली ठेवली, तर औषधही अर्धंच गेलं. गोळी चमच्यात चुरायची, थोड्याशा पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवायची आणि लगेच पाजायची. चुरून ठेवलेली दुपारी चालत नाही. सकाळी उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा-पाऊण तास. लोह आणि कॅल्शियमची औषधं चार तास लांब ठेवा. सकाळी सातला गोळी आणि सव्वासातला लोहाचे थेंब, हा घोळ घरोघरी असतो. सोयाचं दूध देत असाल तर डॉक्टरांना सांगा. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तेही सांगा, त्याने रिपोर्टच चुकतो. तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी द्या.

कोबी-फ्लॉवर बंद करायची गरज नाही. मीठ आयोडीनचं नेहमीचंच पुरे, त्याने गोळी सुटत नाही.

थायरॉईड जास्त होण्याचाही धोका या मुलांना आहे. भूक चांगली असून वजन उतरतंय, घाम येतोय, झोप उडालीय, तर "खोडकर झालाय" म्हणण्याआधी टीएसएच बघा.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका. तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय. जन्मजात त्रास असलेल्या काही मुलांची गोळी तीन वर्षांनंतर थांबवून बघतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिन्याभरात पुन्हा रक्त तपासूनच.