आवारात ताम्हण लावायचं असेल तर

पुण्यात बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या आवारात फुलांचं झाड लावायचं म्हटलं की लोक गुलमोहर सुचवतात. मी ताम्हण सांगते. राज्यफूल म्हणून नव्हे. भर मे महिन्यात ते जांभळ्या तुऱ्यांनी लगडतं आणि लहान आवारातही मावतं. एक फूल जवळून बघा. सहा पाकळ्या, प्रत्येकीला बारीक देठ, कडा क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या, मधे पिवळ्या केसरांचा झुपका.

पण हे कोकणातल्या ओढ्याकाठचं झाड. आपल्याकडे पाऊस जेमतेम ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि कित्येक ठिकाणी हातभर खाली मुरूम. म्हणून खड्ड्यात कंजुषी नको. तीन फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यातच खणून तापू द्या. मुरूम बाजूला काढा आणि पोयटा माती, कुजलेलं शेणखत नि थोडी निंबोळी पेंड घालून भरा. भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर, वर विजेच्या तारा नकोत. ऊन मात्र दिवसभर हवंच. सावलीत झाड नुसतं उंच जातं.

दोन चांगले पाऊस झाले की रोप लावा. उंच, शेलाटं रोप घेऊ नका. बोटभर जाड बुंध्याचं, कमरेएवढं बरं. पिशवीच्या तळाशी मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर दुसरं मागा.

खरी कसोटी पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांची. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन बादल्या, सावकाश ओतायच्या. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी मी आळ्यातच ओतते, साबणाचं कधीच नाही. आळं बुंध्यापासून थोडं लांब ठेवा आणि त्यात वाळक्या पानांचा चार बोटं थर पसरा. हीच पानं आपल्याकडे ढीग करून जाळतात, ते बघून जीव तुटतो.

हिवाळ्यात पानं तांबूस होऊन गळतात, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. तुरा नव्या फुटीच्या टोकाला येतो, म्हणून छाटणी पालवी फुटण्याआधी उरका. सुकलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या काटक्या तेवढ्या काढायच्या. मोठी फांदी तोडायची तर आधी महापालिकेची परवानगी घ्या. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा खासगी आवारालाही लागू आहे.

कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर निंबोळी तेल फवारा, संध्याकाळी. बियांपासूनचं रोप फुलायला चार-पाच वर्षं घेऊ शकतं. तोवर खतांचा मारा करू नका, विशेषतः युरियाचा. नुसती पानं माजतात.