अनिष्ट, चांगुलपणा आणि सौंदर्य : जुने तत्त्वज्ञ गटाने कसे वाचावेत

ठाणे, डोंबिवली किंवा वाशी-नेरुळ परिसरात पाच-सहा जणांचा वाचनगट जमवून ज्यांना प्राचीन आणि मध्ययुगीन तत्त्वज्ञांचे अनिष्टाविषयीचे विचार मुळातून समजून घ्यायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. अशा गटाची पहिली बैठक बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : ईश्वर चांगला आणि सर्वसमर्थ असेल, तर जगात दुःख आणि दुष्टपणा का आहे? हा प्रश्न फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने तो एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर नोंदवून ठेवला आहे. तरीही सुरुवात त्याने करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याने सुरुवात केली की आरोप करणारे आणि बचाव करणारे असे दोन पक्ष पडतात आणि अनिष्ट म्हणजे नेमके काय, हा त्याच्याही आधीचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. ज्यांचे ग्रंथ आपण वाचणार आहोत, त्यांनी या आधीच्या प्रश्नाचे उत्तर चांगल्याच्या आणि सुंदराच्या विचारातून शोधले होते. म्हणून वाचन सौंदर्यापासून सुरू करावे.

या क्रमाला आधार आहे. तिसऱ्या शतकातील, प्लेटोच्या परंपरेतील तत्त्वज्ञ प्लोटायनस याचे ५४ निबंध त्याचा शिष्य पॉर्फिरी याने नऊ-नऊच्या सहा गटांत लावले. मात्र कोणता निबंध कोणत्या क्रमाने लिहिला गेला, हेही त्याने नोंदवले. त्या नोंदीत सौंदर्यावरचा निबंध पहिला आहे आणि अनिष्टावरचा ५१वा, म्हणजे अगदी अखेरच्या काळातला.

साहित्याची फारशी अडचण येत नाही. मूळ ग्रंथांची जुनी इंग्रजी भाषांतरे आता मोफत उपलब्ध आहेत. पार्श्वभूमीसाठी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरील मराठी पुस्तके ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, १८९३ पासून चालत आलेल्या संस्थेत शोधावीत. एका बैठकीला एकच उतारा घ्यावा, तो एकाने मोठ्याने वाचावा आणि प्रत्येकाने त्यातील युक्तिवाद आपल्या मराठीत मांडून दाखवावा. मत त्यानंतर सांगावे. ज्याला युक्तिवाद मांडता येत नाही, त्याला तो पटला आहे की नाही हे ठरवणेही शक्य नसते.

पहिल्या बैठकीसाठी प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादातील, डायोटिमा या विदुषीने सॉक्रेटिसला केलेला उपदेश घ्यावा. एका सुंदर देहाविषयीच्या ओढीपासून सर्व देहांतील सौंदर्याकडे, तेथून आत्म्याच्या, आचारांच्या आणि कायद्यांच्या सौंदर्याकडे, पुढे ज्ञानाच्या सौंदर्याकडे आणि शेवटी केवळ सौंदर्याकडे जाणारी चढण तिथे आहे. दुसऱ्या बैठकीत प्लोटायनसचा सौंदर्यावरचा निबंध वाचावा. सौंदर्य म्हणजे अवयवांची प्रमाणबद्धता, हे त्या काळी सर्वमान्य मत होते. प्लोटायनस विचारतो की तसे असेल तर ज्यांना अवयवच नाहीत, असा प्रकाश, सोन्याची झळाळी किंवा एखादा एकटा सूर सुंदर कसा? शिवाय तोच चेहरा, प्रमाण तसूभरही बदललेले नसताना, कधी सुंदर दिसतो आणि कधी दिसत नाही, हे कसे? प्रमाणाच्या पलीकडचे काही वस्तूत उजळून दिसते, हे त्याचे उत्तर आहे.

यानंतर एक रविवार अंबरनाथच्या शिवमंदिरासाठी ठेवावा. ठाण्याहून लोकलने ते सहज गाठता येते. शिलाहारांच्या काळातील या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ दिला आहे. जाताना तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने सौंदर्यासाठी सांगितलेल्या तीन अटी लिहून न्याव्यात : पूर्णता, प्रमाण आणि तेज. त्या त्याच्या ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात ३९व्या प्रश्नाच्या आठव्या कलमात सापडतात. जे अपुरे आहे ते अपुरेपणामुळेच कुरूप ठरते, असे तो तिथे स्पष्ट म्हणतो. अंबरनाथचे शिखर आज पूर्ण नाही. मग ते मंदिर कुरूप ठरते का? भिंतीवरच्या शिल्पांपुढे उभे राहून हा प्रश्न विचारला, तर गटातील प्रत्येकाला स्वतःचे उत्तर शोधावे लागते. काहींना पूर्णतेची अट चुकीची वाटेल. काही जण म्हणतील की उरलेला भाग पाहताना मन पूर्ण शिखर रचून घेते आणि म्हणूनच ते सुंदर भासते. दुसरे उत्तर मला अधिक खोल वाटते, कारण उणीव जाणवण्यासाठी पूर्णतेची जाण आधी असावी लागते, ही गोष्ट त्यातून हाताशी येते. अनिष्टाचा विचार समजण्यासाठी नेमकी हीच गोष्ट हवी असते.

आता ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताकडे वळावे. इ.स. ३५४ ते ४३० हा त्याचा काळ. तरुणपणी सुमारे नऊ वर्षे तो मानी पंथाचा अनुयायी होता. प्रकाश आणि अंधार ही दोन मूळ तत्त्वे एकमेकांशी झुंजत आहेत आणि अनिष्ट हे त्यांपैकी एक खरेखुरे तत्त्व आहे, अशी त्या पंथाची शिकवण होती. ‘कन्फेशन्स’ या त्याच्या आत्मकथनाच्या सातव्या भागात तो या मताबाहेर कसा पडला, हे वाचायला मिळते. त्याचा युक्तिवाद सावकाश मांडावा. जी वस्तू बिघडते, तिच्यात बिघडण्याजोगे काहीतरी चांगले असलेच पाहिजे; चांगले मुळीच नसेल, तर बिघडायला काही उरतच नाही. सगळे चांगले नाहीसे झाले, तर ती वस्तूच नाहीशी होईल. म्हणून जे जे आहे ते असण्यापुरते चांगले आहे, आणि अनिष्ट ही स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याची उणीव आहे. ‘एन्किरिडियन’ या छोट्या ग्रंथात तो जखमेचे उदाहरण देतो : जखम भरली म्हणजे ती तिथून उठून दुसरीकडे राहायला जात नाही, ती नाहीशी होते.

इथे मराठी वाचकाजवळ एक उत्तम साधन आहे आणि ते वापरलेच पाहिजे. न्याय आणि वैशेषिक या भारतीय दर्शनांच्या विचारवंतांनी अभावाचा, म्हणजे एखादी गोष्ट नसण्याचा, जितका बारकाईने विचार केला, तितका फार थोड्यांनी केला असेल. उत्पत्तीपूर्वीचा प्रागभाव, नाशानंतरचा प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा अत्यंताभाव आणि एक वस्तू दुसरी नसण्याचा अन्योन्याभाव, असे चार प्रकार त्यांनी केले. कशाचा अभाव आणि कुठे अभाव, हे दोन्ही सांगितल्याशिवाय अभावाचे विधान पुरे होत नाही, हेही त्यांनी बजावले. ऑगस्टीनची उणीव या चौकटीत ठेवून पाहावी. दगडाला दृष्टी नाही आणि आंधळ्या माणसाला दृष्टी नाही, या दोन्ही ठिकाणी अभाव आहे. पण अनिष्ट फक्त दुसऱ्या ठिकाणी आहे, कारण डोळ्याच्या ठिकाणी दृष्टी असायला हवी होती. अक्वायनसने ‘सुम्मा’च्या पहिल्या भागातील ४८व्या प्रश्नात हा भेद नेमका केला आहे. प्रत्येक अभाव अनिष्ट मानला, तर हरणाचा चपळपणा किंवा सिंहाचे बळ नाही म्हणून माणूसही वाईट ठरेल, असे तो म्हणतो. ‘असायला हवे’ ही भर कुठून येते, यावर गटाने भरपूर वेळ द्यावा. वस्तूचा स्वभाव काय, हे आधी मान्य केल्याशिवाय ती भर घालता येत नाही, आणि या सिद्धांताची ताकद व त्याची दुबळी बाजू दोन्ही तिथेच आहेत.

एक गैरसमज हमखास होतो. अनिष्ट म्हणजे उणीव, हे ऐकताच कोणीतरी म्हणते, म्हणजे सगळी मायाच. ऑगस्टीनचे म्हणणे तसे मुळीच नाही. आंधळेपणा उणीव आहे, पण आंधळ्याचे ठेचकाळणे खरे आहे. प्लोटायनसही त्याच्याहून वेगळा आहे, हे विसरू नये. तो उणीवेची भाषा वापरतो, पण अखेरीस जडद्रव्यालाच मूळ अनिष्ट म्हणतो. देवाने निर्मिलेले सारे चांगले मानणाऱ्या ऑगस्टीनला ते मान्य होणे शक्य नव्हते.

मग शंकराचार्यांकडे यावे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादात ३४वे सूत्र वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, या दोन आरोपांचा विचार करते. कोणी सुखी, कोणी अत्यंत दुःखी, असे जग निर्माण करणारा ईश्वर पक्षपाती आणि क्रूर ठरत नाही का? शंकराचार्यांच्या भाष्यात पर्जन्याचा दृष्टांत आहे : पाऊस सर्व धान्यांना सारखाच कारण असतो, तांदूळ आणि जव यांत फरक पडतो तो बीजांमुळे. त्याचप्रमाणे ईश्वर जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. सृष्टीच्या आरंभी तर कर्मच नव्हते, हा आक्षेप पुढच्याच सूत्रात येतो आणि संसार अनादी आहे, हे त्यावरचे उत्तर. ऑगस्टीन ‘अनिष्ट काय आहे’ असे विचारतो, तर इथे ‘अनिष्टाची वाटणी अशी असमान का होते’ असा प्रश्न आहे. या दोघांपैकी कोण बरोबर, असा सामना लावू नये. प्रश्न वेगळे आहेत हे गटाला उमगले, तरी बैठक सार्थकी लागली.

पसायदान आपल्याला पाठ असते, पण या प्रश्नाच्या अंगाने ते क्वचितच वाचले जाते. ज्ञानेश्वर १२९० साली मागतात ते ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. खळ नष्ट व्हावेत, अशी ती मागणी नाही. त्यांचा वाकडेपणा गळून पडावा आणि ‘तयां सत्कर्मीं रती वाढो’, अशी आहे. पुढच्या ओवीत दुरिताला तिमिर म्हटले आहे. ऑगस्टीन वाचून झाल्यावर या ओळी वाचाव्यात, आधी वाचू नयेत. वाकडेपणा निघून गेल्यावर माणूस उरतो आणि तो चांगल्याकडे वळू शकतो, हा विचार तेव्हा अतिशय स्पष्टपणे दिसतो. ज्ञानेश्वरांनी मात्र तो सिद्धांत म्हणून मांडलेला नाही, मागणे म्हणून मांडला आहे, आणि हा फरक गटाने पुसू नये.

एक पथ्य पाळावे. गटातील कोणाच्या घरी नुकतेच दुःख घडले असेल, तर उणीवेचा सिद्धांत त्या दिवशी बाजूला ठेवावा. तो अनिष्टाचे स्वरूप सांगतो. दुःखिताचे सांत्वन करण्यासाठी तो रचलेलाच नाही. त्या प्रसंगी बोएथियस हा रोमन तत्त्वज्ञ वाचता येईल. इ.स. ५२४च्या सुमारास, मृत्युदंडाची वाट पाहत असताना, त्याने तत्त्वज्ञानाकडून मिळालेल्या सांत्वनाचा ग्रंथ लिहिला. ईश्वर असेल तर अनिष्ट कुठून आले आणि नसेल तर चांगले कुठून आले, हा दुहेरी प्रश्न त्याच्या पहिल्याच भागात आहे. चौथ्या भागातील दुसरे गद्य प्रकरण अवश्य घ्यावे. सर्वांनाच चांगले हवे असते, दुष्टांना ते गाठता येत नाही, म्हणून दुष्ट हे बलवान नसून दुबळे आहेत, असा युक्तिवाद तिथे आहे. त्याचे मूळ प्लेटोच्या ‘गॉर्जियस’मध्ये आहे. ज्याला दुष्टांनीच तुरुंगात घातले, त्याने तो मांडला असल्यामुळे गटात त्यावर तीव्र मतभेद होतात, आणि त्याला एक बैठक पुरत नाही, दोन ठेवाव्यात.