एआय एजंटला डेटाबेसमधील फंक्शन फक्त वाचू देणारे टूल कसे बांधावे

ऑर्डर रद्द झाल्यावर शिल्लक कशी बदलते, असे एआय एजंटला विचारले आणि ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये त्याला केवळ एका फंक्शनचा कॉल सापडला, तर तो त्या फंक्शनच्या नावावरून आतल्या तर्काचा अंदाज बांधतो आणि तोच अंदाज ठामपणे सांगतो. मायग्रेशनच्या (डेटाबेसच्या रचनेतील बदल लिहून ठेवलेल्या) फायली वाचूनही फंक्शनची आजची अवस्था कळेलच असे नाही, कारण कोणीतरी घाईत थेट सर्व्हरवर बदल केलेला असू शकतो. म्हणून व्याख्या डेटाबेसमधूनच वाचता यावी, पण फंक्शन चालवता येऊ नये, असे छोटे टूल एजंटच्या हाती द्यावे. पुढील तपशील पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसचे आहेत.

सर्वांत आधी एक गोष्ट ठरवून टाकावी, ती म्हणजे एजंटला स्वतःची एसक्यूएल लिहू द्यायची नाही. ‘फक्त सिलेक्ट चालेल’ हे बंधन फसवे आहे, कारण पोस्टग्रेसमध्ये फंक्शन सिलेक्टमधूनच चालते आणि त्याच्या पोटात डिलीट असू शकते. रीड ओन्ली, म्हणजे फक्त वाचू देणारे, ट्रान्झॅक्शन उघडून त्यात एजंटचा मजकूर जसाच्या तसा पाठवला, तर त्या मजकुरात आधी कमिट आणि मागोमाग ड्रॉप येऊ शकतो. कमिट होताच ट्रान्झॅक्शन आणि त्यासोबत बंधनही संपते. त्यामुळे क्वेरी टूलमध्येच पक्क्या लिहून ठेवाव्यात आणि एजंटकडून स्कीमा (डेटाबेसमधील कप्पा), फंक्शनचे नाव किंवा ओआयडी (त्याचा अंतर्गत क्रमांक) एवढेच, तेही पॅरामीटर म्हणून घ्यावे.

यानंतर टूलसाठी वेगळा रोल, म्हणजे डेटाबेसमधील स्वतंत्र वापरकर्ता, तयार करावा. नव्या फंक्शनवर एक्झिक्यूटचा, म्हणजे ते चालवण्याचा, अधिकार पोस्टग्रेस सर्वांना आपोआप देतो, त्यामुळे काहीही ग्रँट न केलेला रोलही वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. सिक्युरिटी डिफायनर असलेले फंक्शन तर मालकाच्या अधिकारांनिशी चालते. या रोलला ॲप्लिकेशनच्या स्कीमांवर यूसेज, म्हणजे त्यांच्या आतल्या गोष्टींपर्यंत पोहोचण्याचा अधिकार, देऊ नये. सिस्टिम कॅटलॉग (फंक्शनांच्या नोंदी असलेले डेटाबेसचे अंतर्गत तक्ते) वाचायला त्याची गरज नसते. पब्लिक स्कीमावर मात्र यूसेज सर्वांनाच असते, म्हणून तेथील फंक्शनांवरील सर्वांचा एक्झिक्यूट अधिकार काढून तो गरजेपुरत्या रोलना द्यावा. जोडणीवर डीफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड ओन्ली आणि स्टेटमेंट टाइमआउट जरूर लावावेत, पण सेशनला ते बदलता येतात, हे विसरू नये.

व्याख्या कोठून घ्यावी, या प्रश्नाने माझा बराच वेळ खाल्ला. मी प्रथम इन्फर्मेशन स्कीमामधील रूटीन्स हा व्ह्यू वापरला. माझ्या स्वतःच्या लॉगिनवर सर्व नीट दिसले आणि टूलच्या रोलवर व्याख्येचा रकाना नल आला. तो मजकूर फंक्शनच्या मालकालाच दिसतो. मग पीजी_प्रॉक या कॅटलॉग तक्त्यातील प्रोएसआरसी हा फंक्शनच्या मजकुराचा रकाना घेतला, तर आवृत्ती १४ पासून आलेल्या बिगिन ॲटॉमिक पद्धतीने लिहिलेल्या एसक्यूएल फंक्शनांसाठी तो रिकामा निघाला. शेवटी ओआयडी देऊन पीजी_गेट_फंक्शनडेफ हे पोस्टग्रेसचे तयार फंक्शन वापरणे हाच खात्रीचा मार्ग ठरला. मात्र ॲग्रिगेट (बेरीज, सरासरी यांसारखे) फंक्शन दिल्यास ते एरर देते, म्हणून पीजी_प्रॉकमधील प्रोकाइंड या रकान्यावरून ती आधीच वगळावीत.

एकाच नावाची, पण वेगवेगळ्या आर्ग्युमेंटची अनेक फंक्शने असू शकतात. अशा वेळी टूलने पहिले सापडलेले फंक्शन देऊन मोकळे होऊ नये. सर्वांची यादी आर्ग्युमेंटच्या प्रकारांसह द्यावी आणि एजंटला ओआयडीने निवड करू द्यावी. व्याख्येसोबत भाषा, मालक, सिक्युरिटी डिफायनर आहे की नाही, आणि त्याचा निकाल किती स्थिर, म्हणजे ते इम्युटेबल, स्टेबल की व्होलटाइल, हे वेगळ्या रकान्यांत दिल्यास एजंटला लांबलचक मजकुरात शोधाशोध करावी लागत नाही.

‘हे फंक्शन कोण वापरते’ हा प्रश्न एजंट लगेच विचारेल. पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनांच्या आतले कॉल पीजी_डिपेंड या अवलंबित्वांच्या तक्त्यात नोंदले जात नाहीत, त्यामुळे व्याख्यांच्या मजकुरात नाव शोधण्यापलीकडे फारसा उपाय नसतो. हे निकाल ‘मजकुरात आढळलेले उल्लेख’ असे सांगूनच द्यावेत, कारण कॉमेंटमधील नावही त्यात येते आणि डायनॅमिक (चालतानाच तयार होणाऱ्या) एसक्यूएलमध्ये जुळवलेले नाव निसटते.

कॉमेंटचा आणखी एक धोका आहे. तिच्यात एजंटला उद्देशून सूचना लिहिलेली असू शकते, म्हणून व्याख्या नेहमी डेटा म्हणून, वेगळ्या फील्डमध्ये परत करावी. जुन्या फंक्शनांत पासवर्ड किंवा एपीआय की सापडणेही दुर्मीळ नाही; त्या टूलने झाकाव्यात आणि मुळातूनही काढाव्यात.

हे टूल मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने (एआयला टूल जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीने) जोडायचे असेल, तर त्यातील ‘रीड ओन्ली हिंट’, म्हणजे टूल काही बदलत नाही अशी खूण, खरी ठेवावी. पण ती नावाप्रमाणे केवळ सूचना आहे, तिने काहीही अडत नाही. शेवटी चाचणी डेटाबेसवर त्याच रोलने स्वतः लॉगिन करून रीड ओन्ली सेटिंग बंद करावे आणि एखादे लिहिणारे फंक्शन हाताने चालवून पाहावे. परवानगी नाकारल्याचा एरर आला, तरच टूल एजंटला जोडावे.