हाती वाढवलेलं पिल्लू रानात सोडायचंय? या चुका टाळा

उन्हाळा आणि पहिला पाऊस या दिवसांत मुंबईतल्या प्राणिमित्रांचे फोन थांबत नाहीत. कुठे एसीमागचं घरटं पडलेलं असतं, कुठे झाड छाटताना खारीची पिल्लं खाली आलेली असतात, कुठे घारीचं पिल्लू पार्किंगमध्ये बसलेलं असतं. लोक मायेने पिल्लू घरी नेतात, जगवतात आणि दोनेक महिन्यांनी विचारतात, "आता सोडू कुठे?" खरं तर सोडण्याची तयारी पिल्लू हातात आलं त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. बहुतेक चुका पिंजरा उघडण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या असतात.

हे शिकावं ते आसामातल्या गेंड्यांकडून. ब्रह्मपुत्रेला पूर आला की काझीरंगातली गेंड्यांची पिल्लं आईपासून तुटतात. त्यांच्यासाठी तिथे २००२ पासून पुनर्वसन केंद्र आहे. वन विभाग आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी मिळून ते उभं केलं. तिथे बाटलीच्या दुधावर वाढलेली पहिली मादी २००६ मध्ये मानस राष्ट्रीय उद्यानात नेली. नव्वदच्या दशकातल्या अशांततेत आणि शिकारीत मानसमधले गेंडे पार संपले होते. त्याच मानसमध्ये २०१३ साली गंगा नावाच्या मादीला पिल्लू झालं. गंगाही काझीरंगाच्या पुरातून वाचवलेली, माणसांनी वाढवलेली. मला यापेक्षा आनंदाची बातमी क्वचितच वाटली असेल.

पिल्लू अनाथ आहे असं धरून चालणं. ही पहिली चूक. बिबट्याचे बछडे सापडले की वन विभाग ते त्याच जागी खोक्यात ठेवून रात्री आईची वाट बघतो, आणि ती पुष्कळदा येऊन त्यांना घेऊन जाते. खारही पिल्लाला तोंडात धरून नेते. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकते, हा गैरसमज आहे. पिसं फुटलेलं घारीचं पिल्लू जखमी नसेल तर उंच, सुरक्षित जागी ठेवा, आईबाप खाऊ घालतात. कुत्री-मांजरं दूर ठेवून लांबून लक्ष ठेवा.

एकच दूध सगळ्यांना. सगळ्यात जास्त पिल्लं मी याच चुकीने गेलेली पाहिली आहेत. गेंड्याच्या दुधात साखर भरपूर आणि स्निग्धांश जवळजवळ नसतोच; तबेल्यातलं म्हशीचं दाट दूध त्याच्या पिल्लाला सोसत नाही. खारीचं अगदी उलट. तिचं दूध घट्ट, स्निग्ध असतं, त्यामुळे पाणी घातलेल्या गाईच्या दुधावर पिल्लाला जुलाब होतात आणि ते वाळत जातं. दूध कोणतं, किती आणि किती वेळाने, हे वन्यप्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारा. तोवर एक गोष्ट नक्की करा: आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पाजताना त्याला उताणं धरू नका. पोटावर किंवा जरा उभं धरा आणि सिरिंजमधून थेंब थेंब द्या. नाकातून फेस आला तर लगेच थांबा, कारण दूध फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. डोळे न उघडलेल्या पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने शी-शूची जागा हळूच पुसावी लागते.

लळा लावणं. नाव ठेवणं, खांद्यावर बसवून रील काढणं, सोसायटीतल्या मुलांना हाताळायला देणं, घरातल्या कुत्र्याशी "मैत्री" करून देणं. हे मायेपोटीच होतं, पण त्याची किंमत पिल्लू मोजतं. माणसामागे धावणारं गेंड्याचं पिल्लू गोड दिसतं. तेच दीड टनाचं झालं आणि गावात शिरलं की काय होईल? शिवाय शिकारीही माणूसच असतो, हे त्या गेंड्याला कोण सांगणार? म्हणून सांभाळणारी माणसं मोजकी ठेवायची, पिल्लाला त्याच्याच जातीची सोबत द्यायची आणि दूध सुटत जाईल तसा माणसाचा वावर कमी करायचा. खारीलाही हाच नियम. तुमच्या खांद्यावर उडी मारणारी खार उद्या शेजारच्या काकूंच्या खांद्यावर उडी मारेल. त्या दचकून तिला झटकतील, चपलेने मारतील.

जवळ आहे म्हणून नॅशनल पार्क. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथली प्रत्येक फांदी, प्रत्येक ढोली आधीच कुणाच्या तरी ताब्यात आहे. परवानगीशिवाय तिथे काहीही सोडायचं नसतं. आजार पसरतो, नवखा प्राणी मार खातो. लाल कानाचं विदेशी कासव तर पवई तलावातच काय, कुठेच सोडू नका. तारका कासवही मुंबईचं नाही, ते कोरड्या माळरानांचं.

दार उघडलं आणि संपलं. हाती वाढलेल्या गेंड्यांना मानसमध्ये नेऊन लगेच मोकळं सोडलं नाही. आधी कुंपणाच्या मोठ्या आवारात तिथलं गवत, चिखल, हवा सवयीची होऊ दिली. केनियात काळ्या गेंड्यांच्या अनाथ पिल्लांना रोज रानातल्या गेंड्यांच्या शेणाच्या ढिगांपाशी नेतात. त्यांचंही शेण तिथे पडतं, वास ओळखीचा होतो आणि पुढे समोरासमोर आल्यावर जिवावरचा हल्ला होण्याची शक्यता घटते. खारीसाठी हेच लहान प्रमाणावर करता येतं: झाडाखाली मोठा पिंजरा, आत तिची झोपायची पेटी, ताज्या फांद्या, शेंगा. दार उघडल्यावरही पेटी आणि खाणं काही दिवस तिथेच राहू द्या. घारीला उडण्याचा मोठा पिंजरा हवाच. पंखात ताकद आल्याशिवाय गच्चीवरून भिरकावणं म्हणजे तिला मारणं आहे. दिवसा फिरणारा प्राणी सकाळी सोडा, घुबड तिन्हीसांजेला, आणि मुसळधार पावसात कुणालाच नाही.

सोडलेलं पिल्लू माणसांकडे येत राहिलं, तर हाकलत बसू नका आणि लाडाने भरवूही नका. पुन्हा आवारात घ्या, माणसांचा वावर आणखी कमी करा, जातीची सोबत शोधा, वेळ द्या. वजन घटत असेल तर दुखणं आहे का ते आधी तपासा. आणि हे सगळं एकट्याने घरात करू नका. वन्यप्राणी घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. पिल्लू सापडल्या सापडल्या वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, आणि माणूस येईपर्यंत ते झाकलेल्या खोक्यात, उबेत, शांत जागी ठेवा.