शेतातली मोटर जळू नये म्हणून स्टार्टरपाशी या चुका टाळा

मे महिन्यात रावेर-यावलकडे केळीचं पाणी चुकलं की बाग लगेच मान टाकते. त्यामुळे भर दुपारी मोटर ट्रिप झाली की पुष्कळजण स्टार्टर उघडतात आणि ओव्हरलोड रिलेची चकती पुढे सरकवतात, म्हणजे ट्रिप होण्याची मर्यादा वाढवतात. मोटर चालू होते, पाणी येतं आणि काही दिवसांनी वाइंडिंग जळतं. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे.

ओव्हरलोड रिले व्होल्टेज पाहत नाही, करंट पाहतो. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. करंट वाढला की ती तापते, वाकते आणि स्टार्टर सुटतो. चकतीवरचे आकडे अँपिअरचे असतात. डीओएल स्टार्टरला (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) मोटरच्या नेमप्लेटवर जितके अँपिअर लिहिलेत तितकंच सेटिंग ठेवायचं. नुसता एचपी पाहून अंदाज करू नका, कारण ५ एचपीच्या मोनोब्लॉकचा (पाण्याबाहेरचा पंप) आणि सबमर्सिबलचा (पाण्यात बुडवलेला पंप) करंट सारखा नसतो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार जोडणीत, मग डेल्टात चालवणारा) रिले बहुतेक वेळा वाइंडिंगच्या वाटेत असतो. तिथे नेमप्लेटच्या आकड्याच्या ०.५८ पट सेटिंग लागतं. म्हणजे प्लेटवर २१ अँपिअर असतील तर चकती १२ च्या आसपास हवी. ती २१ वर ठेवली तर रिले असून नसल्यासारखा.

मग दुपारीच ट्रिप का होतं? भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उन्हातली पत्र्याची पेटी आतून त्याहून तापते आणि साध्या रिलेची पट्टी त्या उष्णतेनेच अर्धी वाकलेली असते. आधी क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजून घ्या. तो प्लेटइतकाच असेल तर पेटीवर सावली करा आणि लाइट बंद करून टर्मिनलचे स्क्रू आवळा, कारण ढिला स्क्रूही तापतो. करंट जास्त असेल तर दोष पुढे आहे: व्होल्टेज, फेज, बेअरिंग किंवा पंप. तो सापडेपर्यंत चकतीला हात लावू नका. स्टार्टरच्या बटणात काडी खोचून ते दाबून ठेवणं तर मोटर स्वतःच्या हाताने जाळणंच आहे.

‘व्होल्टेज कमी आहे, म्हणजे मोटरवर ताणही कमी’ हा समज उलटा आहे. तेवढंच पाणी उपसायचं असेल तर व्होल्टेज पडल्यावर मोटर जास्त करंट ओढते.

दुसरी मोठी फसगत टेस्टरची. तिन्ही तारांवर टेस्टर पेटला म्हणजे थ्री-फेज आली असं नाही. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) ११ केव्ही बाजूचा एक डीओ (फ्यूज) उडाला तर खालच्या एका फेजला पूर्ण आणि उरलेल्या दोघांना साधारण निम्मं व्होल्टेज मिळतं. निऑनचा टेस्टर तेवढ्यावरही पेटतो. म्हणून मीटर लावून तारा जोडीजोडीने मोजा. तिन्ही जोड्यांत ४०० ते ४१५ च्या जवळपास आणि एकमेकांशी जुळणारे आकडे हवेत. चालत्या मोटरचा एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांतला करंट साधारण पावणेदोन पट होतो. योग्य सेटिंगचा रिले अशा वेळी मोटर वाचवतो, पुढे सरकवलेला वाचवत नाही. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर तर हवाच.

पण तोच प्रिव्हेंटर काढून कंडेन्सरवर दोन फेजवर मोटर चालवली जाते. कंडेन्सरची (म्हणजे कपॅसिटरची) दोन कामं वेगळी आहेत. केव्हीएआरमध्ये मोजला जाणारा कपॅसिटर मोटरला समांतर जोडतात. तो पॉवर फॅक्टर सुधारतो, लाइनवरचा करंट कमी करतो आणि डीपीवरचा भार हलका करतो. महावितरण ऑटो स्विच (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा) काढून जो बसवायला सांगते तो हाच. दोन फेजवाला कंडेन्सर खोटा तिसरा फेज उभा करतो. त्यात वाइंडिंगमधला करंट असमान होतो आणि मोटर तापतच राहते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या खोल बोअरवेलना आणखी एक धोका आहे. पाणी खाली गेलं आणि पंप कोरडा फिरू लागला की करंट वाढत नाही, उलट कमी होतो. ओव्हरलोड रिलेला ते कळणारच नाही आणि सबमर्सिबल तर थंड राहते ती पाण्यानेच. त्यासाठी ड्राय रन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

मोटरइतकाच माणसाचा जीवही जपा. एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) फक्त जास्त करंट आणि शॉर्ट सर्किट पाहते. शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) लागते.

आणि अर्थिंगचा न्यूट्रल कधीच करू नका. न्यूट्रलमधून रोजचा करंट परत जातो, अर्थिंगमधून तो फक्त बिघाडात जायला हवा. खोलीतल्या बल्बसाठी मोटरच्या अर्थ रॉडवरून वायर घेतली तर मोटरच्या बॉडीत करंट उतरू शकतो आणि ओल्या वाफ्यात उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, रॉडभोवतीची माती सुकते आणि अर्थिंग कमजोर होतं. एप्रिलपासून त्या खड्ड्यात पाणी घालत राहा आणि रेझिस्टन्स वायरमनकडून मोजून घ्या. डीपीची पेटी मात्र फ्यूज कितीही सोपा वाटला तरी स्वतः उघडू नका.